अकरा पॉइंट सहा

आमच्या परळच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला कोणी काही मोजत नसे. हे मी कुत्सितपणे सांगत नाही, तिथली पद्धतच तशी होती. लॅबमधल्या लाकडी कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड चिकटवलेलं होतं. त्यावर प्रत्येक प्रयोगाची रीडिंग ओळीने लिहिलेली होती. मुलं स्टँडला स्प्रिंग टांगायची, वजनं लावायची, पट्टीकडे बघितल्यासारखं करायची आणि जर्नलमध्ये कार्डावरचे आकडे उतरवायची. कार्डापर्यंत ज्यांचा हात पोचत नसे ती मागच्या वर्षीच्या मुलांची जर्नल मिळवायची. सर मान खाली घालून सह्या करत जायचे. साठ मुलांच्या साठ आलेखांत एकच सरळ रेघ असायची आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे.

स्प्रिंगचे आकडे तर सगळ्यांना तोंडपाठ होते. वजन नसताना काटा दहा पॉइंट दोनवर. पन्नास ग्रॅमला बारा पॉइंट तीन, शंभरला चौदा पॉइंट चार, दीडशेला सोळा पॉइंट पाच, दोनशेला अठरा पॉइंट सहा. मला आजही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवता येतील.

ते कार्ड माझ्या वडिलांच्या अक्षरात होतं. बाबा त्या लॅबमध्ये परिचर होते. मुलं त्यांना लॅबवाले काका म्हणायची, सर लोक नुसतं 'अहो' म्हणायचे. गिरणी बंद पडल्यावर दोन-तीन वर्षं इकडेतिकडे काढून ते इथे चिकटले होते, आणि पर्मनंट व्हायला आणखी आठ वर्षं लागली होती. त्यांच्या पहिल्याच वर्षी लॅबसाठी सहा नव्या स्प्रिंगा आल्या. लागोपाठ चार रविवार लॅब उघडून बाबांनी प्रत्येक स्प्रिंगचं एकेक रीडिंग तीन-तीनदा घेतलं आणि ते कार्ड लिहिलं. ते मुलांसाठी नव्हतंच. पुढे एखादी स्प्रिंग बिघडली तर आपल्याला लगेच कळावं म्हणून त्यांनी ते स्वतःसाठी लिहिलं होतं. मुलांनी ते शोधून काढलं आणि सरांनी सोयीस्करपणे तिकडे काणाडोळा केला.

बाबांना मात्र या उतरवाउतरवीची मनापासून चीड होती. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीत, खिडकीच्या गजाला रबर बांधून आणि त्याला किल्ल्यांचा जुडगा लावून त्यांनी मला रीडिंग घ्यायला शिकवलं, तेव्हा मी सहावीत होते. काट्याच्या बरोबर समोर डोळा आणायचा, गुडघे वाकवायचे पण मान नाही, एक डोळा मिटायचा आणि श्वास रोखायचा. "काटो दाखवील ता लिवचा," ते म्हणायचे, "आपल्याक काय होया ता काटो इचारणा नाय." घरी ते मालवणीत बोलायचे, कॉलेजात पुस्तकी मराठीत. मी त्यांचं हे वाक्य फार गंभीरपणे घेतलं. इतकं गंभीरपणे घ्यायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नाही.

मी बारावीला गेले त्या वर्षी आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाने हलता देखावा केला. राक्षस गदा उचलतो आणि खाली आणतो, एवढंच त्यात होतं, पण चाळीला त्याचं भारी अप्रूप. मोटर गदा वर ओढायची आणि खाली आणायला एक मजबूत स्प्रिंग लागणार होती. अशा कामात मंडळाची सगळी पोरं बाबांकडे यायची, कारण ते 'सायन्सवाले'. बाजारातून आणलेल्या दोन स्प्रिंगा पहिल्याच दिवशी तुटल्या. मग बाबांनी कोणाला न विचारता लॅबमधल्या सहापैकी एक आणून लावली. अकरा दिवस राक्षसाने इमानेइतबारे गदा उचलली. लोक बाबांच्या पाठीवर थाप मारून गेले, आणि आमची छातीही, खोटं कशाला बोलू, फुगली होती.

विसर्जनानंतर ती स्प्रिंग घरी आली तेव्हा तिची सगळी वेटोळी उघडी पडलेली होती आणि राक्षसाच्या दंडाला मारलेला सोनेरी रंग तिच्या अंगाला लागलेला होता. ती मिटेचना. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये सहा स्प्रिंगा होत्या. नवी मागवायची तर मागणीपत्र लिहावं लागलं असतं, आणि जुनीचं काय झालं तेही. कॉलेजची वस्तू मंडळात नेली हे वर कळलं असतं तर बाबांना घरी बसवायला वेळ लागला नसता.

तेव्हा बाबांनी एक उपाय केला. आईच्या स्टोव्हवर ती स्प्रिंग धरून त्यांनी तिला लाल होईपर्यंत तापवलं, पक्कडीने वेटोळी एकमेकांना भिडवली आणि खिडकीत गार व्हायला ठेवली. सोनेरी रंग बहुतेक जळाला, फक्त वेटोळ्यांच्या आतल्या बाजूला थोडा राहिला. अंग निळसर काळं पडलं. मी शेजारी पुस्तक घेऊन बसले होते. त्याच पुस्तकात लिहिलेलं होतं की पोलाद लाल करून हळूहळू गार होऊ दिलं की ते मऊ पडतं.

"बाबा, लाल केल्यावर ती ओढ धरेल का?" मी विचारलं.

"दिसाक बघ, नवीकोरी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून येऊन त्यांनी आईला समाधानाने सांगितलं की स्टँडला लावून बघितली, काटा बरोबर दहा पॉइंट दोनवर आला. वजन लावून बघितल्याचं ते बोलले नाहीत. ज्या माणसाने एकेक रीडिंग तीनदा घेतलं होतं, त्याने पन्नास ग्रॅमचं एक वजन लावून बघितलं नाही, कारण काय दिसेल ते त्यांना ठाऊक होतं. आई म्हणाली, परीक्षेत कोणाच्या लक्षात आलं तर? बाबा म्हणाले, "कोण मोजता थंय?"

ती स्प्रिंग पाच महिने त्यांनी कपाटातच ठेवली. पण बोर्डाच्या प्रॅक्टिकलला स्प्रिंगचे सहा स्टँड मांडायचे असत, त्यामुळे फेब्रुवारीत तिला बाहेर यावंच लागलं.

त्या काळी बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, गणिताच्या मार्कांवर इंजिनिअरिंगचा प्रवेश ठरायचा. आमच्या चाळीतून तोवर एकही मुलगी इंजिनिअर झालेली नव्हती, आणि मी होणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. बाबांनी तर जास्तच. खासगी कॉलेज आमच्या आवाक्याबाहेर होतं, त्यामुळे सरकारी कॉलेजच्या यादीत नाव लागणं हा एकच रस्ता होता. त्यात प्रॅक्टिकलचे मार्क म्हणजे हातचे मार्क समजले जायचे. वर्गातल्या मठ्ठातल्या मठ्ठ मुलालाही तीसपैकी सत्तावीस-अठ्ठावीस मिळायचे.

माझी सकाळची पहिली बॅच होती. स्वतःची मुलगी परीक्षेला असताना आपण लॅबमध्ये नको, असं बाबांनी आमच्या सरांना सांगून बघितलं होतं, पण दुसरा माणूस नव्हता. बाहेरून आलेले परीक्षक उपनगरातल्या कुठल्याशा कॉलेजचे होते. आमचं नातं त्यांना माहीत नव्हतं आणि आम्ही दोघांनीही ते दाखवलं नाही. टेबलावर चिठ्ठ्या टाकलेल्या होत्या. मी उचलली ती स्प्रिंगच्या प्रयोगाची निघाली, स्टँड नंबर सहा.

स्प्रिंग बघितल्याबरोबर मी ओळखली. निळसर काळं अंग आणि वेटोळ्यांच्या फटीतून चमकणारा सोनेरी रंग. मी कपाटाकडे बघितलं. बाबा तिथे उभे होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

काटा दहा पॉइंट दोनवर होता. पन्नास ग्रॅम लावले, बारा पॉइंट पाच. शंभरला चौदा पॉइंट नऊ. दीडशेला सतरा पॉइंट चार. दोनशेला पुरते वीस. प्रत्येक वजनाला ती मागच्यापेक्षा जास्त खाली जात होती. मग मी एकेक वजन काढत गेले आणि शेवटचं काढल्यावर काट्यासमोर गुडघे वाकवून, एक डोळा मिटून, श्वास रोखून बघितलं. अकरा पॉइंट सहा. ती परत आलीच नव्हती. शेजारच्या स्टँडवरची मुलगी आपले आकडे कधीच उतरवून आलेख काढायला लागली होती. माझ्याकडे बघून ती पुटपुटली, "अगं लिही ना पटकन, बारा पॉइंट तीन, चौदा पॉइंट चार. तुला काय सांगायला पाहिजे?"

मला काय काय करता आलं असतं ते मी आयुष्यभर मोजत आले आहे. स्टँड बदलून मागता आला असता, पण मग ही स्प्रिंग परीक्षकांच्या हातात गेली असती. पाठ असलेले आकडे लिहिता आले असते, दोन मिनिटांचं काम होतं. मी काट्याने दाखवलं ते लिहिलं. चढत्या वजनांचा रकाना, उतरत्या वजनांचा रकाना, वाकडी आलेली रेघ, आणि खाली निष्कर्ष: या स्प्रिंगने स्थितिस्थापकत्वाची मर्यादा ओलांडलेली असल्याने तिचा स्थिरांक काढता येत नाही. हे सगळं सचोटीपोटी केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होते. त्यात सचोटी होती, पण रागही होता. 'कोण मोजता थंय' म्हणाले होते ना, मग घ्या, मी मोजलं. हे मला त्यांना दाखवायचं होतं.

परीक्षकांनी माझा कागद उचलला आणि चष्मा वर केला.

"हे काय? स्प्रिंगचं उत्तर कुठे आहे?"

"सर, स्प्रिंग खराब आहे. वजन काढल्यावर काटा परत येत नाही."

त्यांनी मला स्ट्रेस म्हणजे काय विचारलं. मी सांगितलं, एकक क्षेत्रफळावर येणारं बल. स्ट्रेन म्हणजे काय, मूळ लांबीच्या मानाने झालेला बदल. मर्यादेपर्यंत दोन्ही एकमेकांच्या प्रमाणात वाढतात, मर्यादेपलीकडे नाही. त्यांनी मान डोलावली. मग कपाटाकडे वळून त्यांनी विचारलं, "काका, या स्प्रिंगा बघून ठेवल्या होत्या ना?"

"हो सर," बाबा म्हणाले. "कालच मी स्वतः तपासल्या. बरोबर आहेत."

आवाज जरासुद्धा हलला नाही. आमच्या सरांनी घड्याळात बघितलं. परीक्षकांना हात पुढे करून एक वजन लावता आलं असतं, काटा दोन वितींवर होता. पण तेवढ्यात चहा आला.

"दहा मिनिटं आहेत, रिपीट कर," ते मला म्हणाले.

"नको सर. हेच आलंय."

बाबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. विनवणी होती असं पुढे कधीतरी वाटलं, पण तोवर माझा मलाच भरवसा उरला नव्हता.

संध्याकाळी घरी बाबा हात धुता धुता म्हणाले, "लिवून टाकूचा होता गो. सगळी लिवतत."

"काटा दाखवील ते लिहायचं, असं तुम्हीच सांगितलं होतं."

त्यांनी टॉवेलला हात पुसले. आई म्हणाली, "जेवून घेवा दोघांनी." आम्ही जेवलो.

तीसपैकी सतरा मिळाले. सरकारी कॉलेजच्या यादीत शेवटचं नाव लागलं ते माझ्यापेक्षा तीन मार्क जास्त असलेल्या मुलाचं. यादी मी एकटीनेच जाऊन बघितली. घरी येऊन सांगितल्यावर बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि आई रडली. मी रडले नाही. माझं डोकं एकाच गोष्टीवर अडकलं होतं. नोकरीसाठी ते खोटं बोलले, हे मी समजू शकत होते. नोकरी गेली असती तर आम्ही खाल्लं काय असतं? त्यांनी 'माहीत नाही सर' म्हटलं असतं, 'मुलांनी ओढली असेल' म्हटलं असतं, तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, मी स्वतः तपासल्या. त्या माणसाच्या 'स्वतः'वर मी माझं अख्खं लहानपण उभं केलं होतं.

बी.एस्सी. केलं आणि विमा कंपनीत लागले. लोकांनी भरलेले फॉर्म तपासते. दुसऱ्याने लिहिलेल्या रकान्यावर विश्वास ठेवायचा नाही, याचा मला पगार मिळतो आणि या कामात मी चांगली आहे. लग्न होऊन ठाकूरद्वारला राहायला गेले. बाबांशी माझं उघड भांडण कधी झालंच नाही. तब्येत, औषधं, सणवार, सगळं बोलत आलो. आई गेली तेव्हा आम्ही एकमेकांना धरून बसलो होतो. फक्त ती स्प्रिंग आमच्यात कधी निघाली नाही. माझं एवढंच मागणं होतं की त्यांनी एकदा म्हणावं, तुझं रीडिंग बरोबर होतं. चार शब्द. मार्क परत येणार नव्हते, कॉलेज परत येणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. तरी ते चार शब्द मला हवे होते, आणि माझी पन्नाशी जवळ आली तरी ते हवेपण कमी झालं नाही.

गेल्या वर्षी चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि बाबांना बाविसाव्या मजल्यावर घराची किल्ली मिळाली. सामान लावायला मी दोन दिवस रजा काढून गेले. बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत, पण डोकं साफ आहे. मोतीबिंदू काढल्यापासून पेपरातली बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचतात आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात.

एका खोक्यात लॅबचा लाकडी स्टँड निघाला, पट्टी ठोकलेला, काट्यासकट. मुलं येईनाशी झाल्यावर कॉलेजची विज्ञान शाखा बंद पडली, तेव्हा भंगारात निघालेला तो स्टँड बाबांनी मागून आणला होता. त्याच खोक्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. डब्यात कपाटाचं ते कार्ड होतं, आणि तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलेली एक स्प्रिंग. मी फडकं सोडलं. निळसर काळी, आतून सोनेरी.

"ही इथे कशी?" मी विचारलं.

"त्याच दिवशी काढली ती. तुझी बॅच सुटल्यावर," बाबा खोक्यातली भांडी काढत म्हणाले. "दुपारच्या सुट्टीत लोहार चाळीच्या बाजारात जावन नवी आणली आणि लावली."

म्हणजे दुपारच्या बॅचला चांगली स्प्रिंग मिळाली होती. अर्ध्या दिवसात मिळणारी वस्तू. आदल्या सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत त्यांना लोहार चाळीचा रस्ता आठवला नव्हता, तो माझं नुकसान झाल्यावर आठवला. मी स्टँड ओट्यावर ठेवला, स्प्रिंग हुकात अडकवली, तिच्या खालच्या टोकाला काटा लावला आणि तिचं हलणं थांबेपर्यंत वाट बघितली. वजन एकही लावलं नाही.

काटा अकरा पॉइंट सहावर थांबला.

माझा आकडा. मी शेवटचं वजन काढून कागदावर लिहिला होता तोच. त्या दिवसानंतर तिला कोणी वजन लावलं नव्हतं, त्यामुळे ती जिथवर आली होती तिथेच थांबली होती.

"बाबा," मी म्हटलं, "जरा रीडिंग घ्या."

ते आले. ओट्याला हात टेकून त्यांनी गुडघे वाकवले, मान न वाकवता. एक डोळा मिटला. श्वास रोखलेला मला ऐकू आला. मी त्यांच्या बाजूलाच उभी होते आणि त्यांच्या उघड्या डोळ्याकडे बघत होते. तो डोळा पट्टीवरून खाली सरकला आणि काट्यावर येऊन थांबला. त्यांना काटा दिसला. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले, त्यांचे गुडघे थरथरायला लागले.

"दहा पॉइंट दोन," ते म्हणाले.

"परत बघा."

त्यांनी परत बघितलं. "दहा पॉइंट दोन. लिव गो."

सामानाच्या यादीचा कागद माझ्या हातात होता. मी त्याच्या पाठीमागे लिहिलं, दहा पॉइंट दोन. का लिहिलं ते मला सांगता येणार नाही. त्यांना आता उभं राहता यावं, एवढंच मनात होतं. मी कागद त्यांच्यापुढे धरला. ओट्याच्या आधाराने ते सरळ झाले, कागद हातात घेऊन त्यांनी तो आकडा वाचला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बरोबर," ते म्हणाले.